काटा वर येत नाही

७ डिसेंबर, रविवार
आज पुन्हा. आष्टी सुटून जंगल लागलं की गाडी दचके देऊ लागते. मागे काळा धूर, आत पेट्रोलचा वास. आलापल्लीच्या पुढे बंदच पडली. फोनला रेंज नाही. पाऊण तासाने सुरू झाली, का झाली तेही कळलं नाही.
ताई एटापल्लीच्या आश्रमशाळेच्या क्वार्टरच्या दारात उभी. "मले वाटलं, आज येत नाईस." मोडलेल्या हाताचं प्लास्टर निघून महिना झाला, पण बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांत व्यायामाने येईल तेवढं येईल, पुढे हात तसाच राहील. एकटी करत नाही, दुखतं म्हणून. मी गरम पाण्यात धरून करून घेते. आज उशिरामुळे निम्माच झाला.

८ डिसें., सोम.
वि. रागावला नाही, तेच जड गेलं. चहा गाळता गाळता म्हणाला, "तू तिकडे अडकली अन् फोन लागत नाही, तर मी इथे बसून काय करू? महिनाभर बघू. नाहीच सुधारली तर विकू." एकवीस वर्षांच्या संसारात त्याने मला क्वचितच अट घातलीय. हो म्हटलं.
सुटी एकच, रविवारची. बसने एका दिवसात जाऊन येणं होत नाही. म्हणजे गाडी गेली की ताईचा हात...

९ डिसें.
चंद्रपूरच्या मोठ्या गॅरेजने मागे मशीन लावून 'पेट्रोल जास्त जातंय' एवढं सांगितलं, प्लग बदलले. आता म्हणतात, पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर बदला. आज ते सोडून आपल्या बल्लारपुरातल्या देवानंदभाऊंकडे गेले. उन्हाळ्यात गाडी तापत होती तेव्हा त्यांनीच पाहिली होती.
मशीन नाही. चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, एकेक नाकाशी नेला, नखाने खरवडला.
"पाहा बाई. कोरडी काजळी आहे. ऑइल जळत असतं तर ओला राह्यला असता."
"मग इंजेक्टर?"
"एक खराब असता तर एकच प्लग काळा झाला असता. हे चारही भाऊ सारखेच काळे. म्हंजे दोष याइचा नाई, याइले जेवाले वाढून राह्यलं त्याचा."
मी वीस वर्षं लिहितेय, इतकी सरळ वाक्यं मला सुचत नाहीत.
प्लग घासून परत बसवले. मग म्हणाले, "काटा कुठी राह्यते?" तापमानाचा. मी कधी पाहिलाच नव्हता.
"तुमी लिहिता नं? मंग लिहून आना. कधी खोकते, कुठी, काटा कुठी. मले सांगू नका, लिहा. सांगताना मानूस आपल्या मनचं घालते."

१० ते १३ डिसें.
बुध. सकाळी थंडी, कॉलेज. काटा तळाशी. दोन दचके.
गुरु. दुपारी बाजार. काटा थोडा वर. ठीक.
शुक्र. रेल्वे फाटक बंद, वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी. काटा निम्म्यावर. निघाल्यावर लोण्यासारखी चालली. कोठारी रोडवर मोकळं लागलं, काटा खाली, पुन्हा खोकला.
शनि. तसंच. थांबली की बरी, पळाली की आजारी. हे उलटं नाही का?

१४ डिसें., रवि.
गेले नाही. भीती वाटली, कबूल करते. शाळेच्या फोनवर ताईशी बोलले. "करून राह्यली ना व्यायाम?" "हो हो." खोटं बोलताना ती दोनदा हो म्हणते.

१५ डिसें.
हा दिवस नीट लिहायचाय.
देवानंदभाऊंनी माझा कागद चष्मा लावून वाचला. फाटकाच्या ओळीवर बोट ठेवलं, परत वाचली. आत जाऊन बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात पितळी, बोटभर उंचीचे पाच-सात वॉल.
बाकावर दोन गिऱ्हाईकं बसली होती. त्यांच्यासमोर, आवाज खाली न आणता: "बाई, हे मीच केलं. मे महिन्यात तुमच्या गाडीचा वॉल मीच काहाडला."
इकडे उन्हाळ्यात सगळेच काढतात. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा तो वॉल, म्हणजे थर्मोस्टॅट. काढला की पाणी सतत फिरतं, गाडी तापत नाही.
"जुन्या गाड्याइले चालत होतं. याले कम्प्युटर आहे. आता थंडीत मोकळ्या रस्त्यानं हवा लागते, इंजिन गरमच होत नाई. कम्प्युटरले वाटते गाडी अजून थंडी आहे, तो पेट्रोल वाढवते. माय कशी पोरावर गोधडीवर गोधडी टाकते, तसं. उभी राह्यली का गरम होते, मंग बरी चालते. हे तुमच्या कागदात होतं, माह्या डोक्यात नोतं."
बाकावरचा एक म्हणाला, "भाऊ, मंग माह्या गाडीतला बी काहाडला नं तुमी?"
"काहाडला. आन उद्या."
"अन् मी पंपवाल्याले शिव्या देऊन राह्यलो दोन महिने."
"त्याची माफी तू माग. तुही माफी मी मागतो."
सगळे हसले, तेही. पण कान लाल झाले होते. इतक्या वर्षांच्या नावाचा माणूस. मी असं कधी केलंय? छापून आलेली चूक दिसली की मी पान उलटते.

१७ डिसें.
डब्यातले वॉल तपासले. "घरवालीनं भांडं देलं नाई," म्हणून गॅरेजच्या चहाच्या पातेल्यात, स्टोव्हवर. पाणी उकळू लागलं तसे एकेक वॉल हळूच उघडले, झोपेतून उठल्यासारखे. आम्ही दोघं वाकून बघतोय. माझा उघडलाच नाही. ते समाधानाने म्हणाले, "हा मेलेला. म्हंजे मे महिन्यात यानंच गाडी तापवली. तेव्हाच बदलाले पायजे होता, मी काहाडून मोकळा झालो." स्वतःचीच दुसरी चूक सापडल्याचा आनंद.
नवा मागवलाय. काजळी घट्ट बसलेले प्लगही बदलणार.

२४ डिसें.
परवा वॉल बसला. काटा मध्यावर. दोन दिवस एकही दचका नाही. वि. स्वतः चालवून आला, म्हणाला, "हं." त्याच्याकडून एवढं पुष्कळ.

२८ डिसें., रवि.
एटापल्ली. जाता-येता गाडी बिनतक्रार. ताईचं मधलं बोट तळव्याला टेकलं. "आई गं," म्हणाली आणि लगेच पुन्हा टेकवून पाहिलं.

४ जाने., रवि.
ताईने आज स्वतः वाटी उचलली. रिकामी, पण उचलली.
परतताना आष्टीच्या अलीकडे, चढावर, एक दचका. एकच. काटा मध्यावर. रस्त्याला खड्डा होता का? आठवून पाहतेय. नव्हता.
घरी आल्यावर वि.ने विचारलं, "कशी चालली?" "छान," म्हटलं. लगेच, विचार न करता.
देवानंदभाऊंना फोन केला.
"काटा कुठी होता?"
"मध्यावर."
"मंग हे दुसरंच काही आहे. काय आहे, ते मले आज नाई सांगता येत. उद्या आना. तुमच्या घरच्या भाऊले बी संग आना."
वि. अंगणात पाइप धरून कुंड्यांना पाणी घालतोय. महिना चार दिवसांत भरतो. एवढं लिहून बाहेर जाते, तो एक दचका त्याला सांगायला.