मुळीकांच्या प्लॉटवरची हरकत

सांगली,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मंगल,

अनेक आशीर्वाद. सयाजीरावांना नमस्कार. सूरज, सूनबाई आणि साक्षी खुशाल असतील. साक्षी आता सहावीत ना? की सातवीत? वर्षांचं गणित चुकतं हल्ली माझं.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होते. वाजून वाजून थांबला, नंतर करू म्हटलं आणि केला नाही. तू रागावली नसशील. तू रागावत नाहीस, तेच अवघड आहे.

इथलं सगळं जुनंच चालू आहे. गुडघे दुखतात. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, मी उन्हाळ्यानंतर बघू म्हणते. शाळेतली आपली बालवाडीची खोली पाडली, तिथं सायकलींसाठी शेड केलं. तू भिंतीवर काढलेला हत्ती त्यातच गेला.

एक बातमी आहे. आमच्या कॉलनीच्या टोकाला मुळीकांचा मोकळा प्लॉट होता ना, तिथं आता सात मजली इमारत होणार. नियम बदलले. पूर्वी आमच्याकडे तळमजला आणि वर एक, याहून उंच बांधायला परवानगीच नव्हती. आता रस्त्याच्या रुंदीवर मजले ठरतात, आणि नव्या आराखड्यात आमचा रस्ता बारा मीटरचा झालाय. माझं फाटक आणि जास्वंद त्यात जाणार. जाऊ दे.

कुणाची हरकत असेल तर महिन्याभरात लेखी द्यायची होती. त्यावरून कॉलनीत रोज बैठका. शेजारी राजस आणि भार्गवी म्हणून नवरा-बायको राहायला आलेत, पुण्याचे, वागायला चांगले. एका संध्याकाळी भार्गवी आली आणि म्हणाली, "काकू, मागच्या वेळचा अर्ज तुम्हीच लिहिला होता ना? सगळे म्हणतात फार मुद्देसूद होता. तोच द्या ना, तारीख बदलून देऊ."

मी म्हटलं, "शोधावा लागेल."

शोधावा लागणार नव्हता, मंगल. त्याची प्रत कुठे आहे हे मला सहा वर्षं माहीत आहे.

इथपर्यंत लिहून पत्र दोन दिवस तसंच पडून होतं. आता पुढचं लिहिते.

२०१९ च्या पुरात तुम्ही दोघं माझ्याकडे अकरा दिवस होतात. परत जाताना सयाजीराव फाटकाशी थांबून म्हणाले होते, "बाई, तुमची जागा लय उच्चीवर हाय. हितं दोन खोल्या गावल्या तर म्हातारपण सुकाचं जाईल." मी हसून हो म्हटलं. आणि चार महिन्यांत खरंच मुळीकांनी प्रस्ताव दिला, चार मजले, नदीकाठच्या लोकांसाठी दोन-दोन खोल्यांची बत्तीस घरं. त्यासाठी आमच्या कॉलनीचा एक मजल्याचा नियम शिथिल करावा लागणार होता. यादीत सयाजीरावांचं नाव सातवं लागलं. तू मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाशी धावत आलीस, खिचडीचे हात तसेच. मुलांसमोरच म्हणालीस, "बाई, आपण शेजारी हुनार!"

त्याच आठवड्यात माझ्या घरी बैठक झाली. अर्ज लिहायचा तर बाईंनीच, असं आमच्याकडे ठरलेलं. पाणी पुरणार नाही, गटार तुंबेल, गाड्या वाढतील, हे मुद्दे बाकीच्यांनी सांगितले. शेवटचा माझा होता. 'पूरपट्ट्यातील कुटुंबे येथे आल्यास कॉलनीचे शांत व सुसंस्कृत वातावरण बिघडेल.' आधी नुसतं 'शांत' लिहिलं होतं. वाचून पाहिलं, अपुरं वाटलं, म्हणून दुसरा शब्द घातला. ज्या टेबलावर बसून लिहिलं, तिथंच अकरा दिवस तुझ्या हातची भाकरी खाल्ली होती मी.

एकोणीस सह्या झाल्या. पहिली माझी.

का केलंत, असं विचारशील. मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. सगळ्यांचा आग्रह होता, मी एकटी बाई, उद्या यांच्याशीच गाठ आहे. खरं वेगळंच आहे. तू पुरात आलीस तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. अडचणीतल्या माणसाला घरात घेण्यात मोठेपणा असतो, तो मला मिळाला. पण तू त्याच गल्लीत स्वतःच्या घराची किल्ली घेऊन राहणार म्हटल्यावर ते बरं वाटणं संपलं. शाळेत मी बाई आणि तू मदतनीस. तिथं आपण दोघी सारख्याच झालो असतो. तेवढंसुद्धा मला सोसवलं नाही.

प्रस्ताव फेटाळला गेला. ते सांगायला तुम्ही दोघं माझ्याकडेच आलात. तू विचारलंस, "कुनी केली आसंल वो हरकत, बाई? आमी कुनाचं काय वाईट केलंय?"

मी म्हटलं, "असतात लोक." आणि चहा ठेवायला आत गेले.

बाहेर सयाजीराव तुला समजावत होते ते ऐकू येत होतं. "जाऊ दे. त्यास्नी बी त्येंची काळजी आसंल." चहा उकळून उतू गेला तरी मी बाहेर आले नाही.

पुढच्या पुरानंतर तुमच्या घरी आले तेव्हा तू फावड्यानं चिखल बाहेर ओढत होतीस. २००५ पासून तिसऱ्यांदा. भिंतीला टेकून म्हणालीस, "आता न्हाई हुत, बाई." दिवाळीच्या आत तुम्ही साताऱ्याला सूरजकडे गेलात. चौथा मजला, लिफ्ट नाही, सयाजीरावांना दम लागतो म्हणून महिना-महिना ते खाली उतरत नाहीत, हे सगळं तूच मला फोनवर सांगत होतीस. मी "अगं बाई" म्हणत ऐकत होते.

गेल्या मंगळवारी नगररचना कार्यालयात सुनावणी झाली. राजसच्या गाडीतून आम्ही गेलो. राजस म्हणाला की आमची मागची हरकत मान्य झाली होती, तेव्हा आताही तीच भूमिका धरावी. साहेब तरुण होते. त्यांनी जुनी फाईल मागवली आणि अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. पाणी, गटार, गाड्या. शेवटच्या मुद्द्याशी थांबले, मान वर करून म्हणाले, "हे कुणी लिहिलंय?"

मी उभी राहिले. "मी. मला ते मागे घ्यायचंय."

"बाई, त्या हरकतीचा निर्णय केव्हाच झाला. आता मागे घेऊन काय होणार?"

"काही होणार नाही. तरी घेते."

 साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "नव्या प्रस्तावाला तुमचं समर्थन असेल तर तेवढं लिहून द्या." तिथंच उभ्यानं चार ओळी लिहिल्या. अक्षर वाईट आलं. येताना मी रिक्षानं आले. भार्गवी तेव्हापासून बोलत नाही.

प्रस्ताव मंजूर होईल असं दिसतंय. पण तू यात आनंद मानू नकोस. मी मुळीकांच्या मुलाकडे जाऊन विचारलं. आता तिथं मोठे फ्लॅट आहेत. दोन खोल्यांची फक्त सहा घरं, आणि सहाही गेली. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "मावशी, तेव्हाची गोष्ट वेगळी होती." तेव्हाची बत्तीस घरं आता कुठेच होणार नाहीत.

माझ्याकडे खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. या म्हणून लिहिणार होते. मग वाटलं, पुन्हा ते माझ्याच घरात, माझ्याच मोठेपणात येणं होईल. तुम्हाला हवं होतं ते तुमचं घर. म्हणून बोलावत नाही. सयाजीरावांना स्वतःला यावंसं वाटलं, तर दार उघडंच आहे.

अर्जाची प्रत सोबत ठेवली आहे. तू वाच. सयाजीरावांना दाखवायची की नाही, ते तू ठरव. मी माफी मागितली तर तू लगेच "जाऊ द्या वो, बाई" म्हणशील. ते मला ऐकायचं नाही, म्हणून मागत नाही. एकदा तरी माझ्यावर रागाव.

तुझ्या घराच्या आड आलेली,
शकुंतला