संग्रहालयातला कावळा

शनिवार, ९ मार्च

सकाळी न्यूअर्कहून निघाले, मायामीला विमान बदललं, दुपारी कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर उतरले. पासपोर्ट लागला नाही. ही अमेरिकाच, फक्त समुद्रात. भाड्याची गाडी घेतली. इथे गाड्या भारतातल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग मात्र अमेरिकेसारखं डावीकडेच. तरी नीट पोचले. स्वतःचं कौतुक वाटलं. लग्न झाल्यापासून गाडी परीक्षितनेच चालवली, मी शेजारी बसायचे.

खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, बाल्कनीत बोगनवेल. समोर गल्लीपलीकडे गावाचं छोटं संग्रहालय. खाली कोंबड्या मोकळ्या फिरतात. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

बुकिंग अनिशने केलं. फोनवर म्हणाला, "मॉम, जस्ट गो. बाबा वुड हॅव वाँटेड इट." बाबांना काय हवं होतं ते मुलाला कळलं, हे बरंच झालं. दहाव्याला तर कुणालाच कळलं नव्हतं.

रविवार, १० मार्च

संग्रहालय पाहिलं. दोनच खोल्या. मिस अर्नेस्टिन नावाच्या वयस्क बाई सांभाळतात. मला पहिल्या वाक्यापासून डार्लिंग म्हणाल्या. उसाचा रस आटवायची काहील आहे, वादळांचे फोटो आहेत, गुलामांच्या पायातल्या बेड्या आहेत. त्यातली एक जोडी लहान मुलाच्या मापाची. तिच्यासमोर फार वेळ उभं राहवलं नाही.

आतल्या खोलीत पेंढा भरलेला कावळा आहे. कुणा मळेवाल्याने शंभरेक वर्षांपूर्वी कुठून तरी आणलेला. पेटीची पुढची काच वादळात फुटली, ती परत बसवली नाही. या बेटावर कावळे नाहीत, असं बाई म्हणाल्या. याच्यापुढे इतका वेळ थांबलेली तूच पहिली, उंदीरसुद्धा त्याला कंटाळलेत, असंही म्हणाल्या.

मी थांबले त्याला कारण होतं. जानेवारीत परीक्षितचा दहावा न्यू जर्सीत, आमच्या पार्सिपनीच्या घराजवळच्या तळ्याकाठी केला. पिंड ठेवले. कावळे होते, पार्किंगच्या खांबावर ओळीने बसलेले. एकही खाली आला नाही. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक वचन देतात, आणि नेमकं वचन निघालं की तो येतो. आमच्याकडे दिराने, विनयने, घड्याळ पाहिलं. "वहिनी, थंडी बघ यार, आणि माझी फ्लाइट आहे." गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. जाऊबाईंनी, सीमाने, थर्मासमधला चहा वाटला. शास्त्र झालं.

मला बोलूच दिलं नाही. मीही बोलले नाही.

सोमवार, ११ मार्च

जे केलं ते लिहून ठेवते. सकाळी भात लावला, मूद करून कागदी वाटीत घातली. दुपारी मिस अर्नेस्टिन व्हरांड्यात जेवत होत्या तेव्हा आत गेले आणि वाटी कावळ्याच्या पायाशी ठेवली. शिकलेल्या बाईने असं करावं का? पण तिथे घाई करायला कुणी नव्हतं.

हळू आवाजात सांगितलं, अनिश ज्या मुलीशी म्हणेल तिच्याशी लग्न करू दे, मी आड येणार नाही. घर विकणार नाही. विनयशी बोलणं तोडणार नाही. हे शेवटचं म्हणताना जड गेलं. कावळा काचेच्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत होता.

मग माझा मलाच राग आला. या माणसाने जन्मभर एकट्याने काही केलं नाही. दूध आणायला निघाला तरी दारात उभा राहून किल्ल्या वाजवायचा, चल म्हणायचा. मी गॅस बंद करून, ओले हात पुसत निघायचे. खाली जाऊन दोनदा हॉर्न द्यायचा. आणि हे एकच जाणं न सांगता, मला न नेता. मी मोठ्याने म्हणाले, मग काय, मी येऊ का तुझ्याबरोबर?

वाटी तिथेच ठेवून बाहेर पडले.

मंगळवार, १२ मार्च

भाताला कावळा शिवला आहे.

मूद मधोमध टोचलेली. उंदराने कुरतडल्यासारखी नाही. एकच टोच. आणि कावळ्याच्या चोचीला एक शीत चिकटलेलं, ओलं.

मी आनंदाने रडले. परीक्षित सुटला, असंच मनात आलं. मिस अर्नेस्टिननी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, कुणाला गमावून आलीस का, विचारलं. हो म्हणाले.

रस्ता ओलांडताना आठवलं, शेवटी मी काय म्हणाले होते ते.

बुधवार, १३ मार्च

अनिशला फोन केला. सगळं सांगितलं नाही, फक्त लवकर परत येते म्हणाले. तो म्हणाला, "मॉम, यू'र ग्रीव्हिंग. बीचवर जा."

संग्रहालयात गेले, वचन परत घ्यायला. असं परत घेता येतं का, कुणाला विचारणार? कावळ्याने मान फिरवली आहे. भिंतीकडे बघत नाही. दाराकडे बघतो. दारातून माझी बाल्कनी दिसते.

मिस अर्नेस्टिन म्हणाल्या, तो पहिल्यापासून असाच आहे. असेल.

भर दुपारी, दोन कोंबड्या आणि ऊन सोडून गल्लीत कुणी नसताना, माझ्या खोलीच्या दाराबाहेर किल्ल्या वाजल्या. पार्सिपनीच्या घराच्या किल्ल्या. त्यात लहान घुंगरू आहे, अनिशच्या बाळपणीच्या वाळ्यातलं. तो जुडगा मी घरी कपाटात ठेवून आले आहे.

गुरुवार, १४ मार्च

तिकीट बदललं. विमानतळाकडे निघाले. गाडी सुरू केली तर सीटच्या पट्ट्याची सूचना वाजायला लागली. माझा पट्टा लावलेला होता. शेजारच्या सीटसाठी वाजत होती. पर्स मागे होती. सीट रिकामी.

तो कधी पट्टा लावायचा नाही. मीच हात लांब करून लावायचे.

लावला. आवाज थांबला.

पट्टा सैल नव्हता. अंगावर बसतो तसा, फुगून —

विमानतळाचा फाटा चुकला. परत फिरले, परत चुकला. प्रत्येक वेळी याच गल्लीत. शेवटी गाडी उभी केली आणि वर आले. पट्टा सोडवायचं धैर्य झालं नाही.

मिस अर्नेस्टिन रस्त्यावर होत्या. कावळा पेटीत नाही म्हणाल्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. मी नेला असं त्यांना वाटतंय. नेलाच म्हणायचा, एका अर्थी —

शुक्रवार, १५ मार्च

सकाळ. बाल्कनीच्या कठड्यावर शितं. ओळीने, दारापर्यंत.

मी म्हणाले, मला यायचं नाही रे. रागाने बोलले होते. अनिश आहे. मला अजून —

किल्ल्या.

अनिशचा फोन लागत नाही.

गाडीची किल्ली खुंटीवर होती. आता नाही. खाली इंजिन सुरू आहे. बघणार नाही.

दोनदा हॉर्न. तसाच, आखूड.

राग आला आधी. भीती नंतर. इतकी वर्षं याच हॉर्नला —

हात ओले होते. पुसले.

गॅस बंद केला. खिडकी लावली. नळ बघितला.

पुन्हा हॉर्न. आले रे, चप्पल तरी घालू —