कुशीवर वळतो का?

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
१४ डिसेंबर २०२५

ती. योगिनीताई यांस,
नमस्कार.

तुमचं पार्सल बिल्किसभाभींच्या शिलाईच्या दुकानावर आलं, त्यांनी गुपचूप माझ्या हातात दिलं. मी ज्ञानेश्वरी, आदिनाथची बायको. आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. मी या घरात आले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. तरी नात्यानं माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणून ताई म्हणते.

बाळ दिवाळीनंतर झालं. मुलगा आहे, नाव शिवम ठेवलं. सुरुवातीला वजन कमी होतं, आता गाल भरलेत. आदिनाथच्या कंपनीत शिफ्टा बदलत्या असतात, त्यामुळे बापलेकांची गाठ कधी पडते, कधी नाही.

तुम्ही पाठवलेली स्लीपिंग बॅग फार छान आहे. मऊ सुती कापड, बाह्या नाहीत, पायाशी ऐसपैस, समोर चेन. हात मोकळे राहतात आणि पांघरूण तोंडावर यायची भीती नाही. सोबत चिठ्ठी नव्हती, पण वर तुमचं नाव-पत्ता होता, म्हणून लिहिते आहे.

खरं सांगायचं तर ती अजून वापरली नाही. सासूबाईंना मीही तुमच्यासारखंच आत्याबाई म्हणते. त्या शिवमला अंघोळ घालून, धुरी देऊन दुपट्यात आवळून बांधतात. हात छातीशी, पाय ताठ, वरून पट्टीची गाठ. "आम्ही मेंढरं घिऊन रानोमाळ हिंडायचो. लेकरू बांधायचं, घोड्यावर टाकायचं न् चालायचं. मोकळं लेकरू दचकतं, बांधलेलं निजतं," असं त्यांचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोलू, तो निजतो. लसीकरणाच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, बांधा पण सैल बांधा, पाय हलले पाहिजेत, आणि पाठीवरच निजवा. मी घरी येऊन सांगितलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गाठ नेहमीसारखीच मारली.

बॅग बघून म्हणाल्या, "लेकराला पिशवीत घालत्यात व्हय? बाजार हाय का त्यो?" कुणी दिली असं विचारलं तर मी कंपनीतल्या मैत्रिणीचं नाव घेतलं. राग मानू नका. या घरात तुमचं नाव काढत नाहीत.

अंबाजोगाईला तुम्ही मुलींच्या वसतिगृहात नोकरी करता असं भाभींकडून कळलं; बाळाची खबर तुम्हालाही त्यांनीच दिली असणार. उत्तर लिहिलंत तर त्यांच्याच पत्त्यावर लिहा. फोन नको. इथं माझा फोन कुणाच्याही हातात असतो.

आपली,
ज्ञानेश्वरी


बजाजनगर
१८ जानेवारी २०२६

ती. योगिनीताईंना नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ भाभींकडे ठेवलाय, त्यांच्या घरच्या इलियासभाईंचा टेम्पो तुमच्याकडे आला की पोचेल.

तुमचं पत्र मिळालं. पत्र तरी कसं म्हणू? खुशाली नाही, नमस्कार नाही. मधोमध एकच ओळ, 'कुशीवर वळतो का?' मी ते भाभींच्या दुकानात उभ्यानंच वाचलं आणि पुन्हा वाचलं. भाभींनी मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

ताई, मागच्या पत्रात मी एक गोष्ट टाळली होती. तुमच्या बाळाचं मला माहीत आहे. लग्न ठरतानाच आदिनाथनं सांगितलं होतं, की वहिनीला बाळाला पाजता पाजता झोप लागली, बाळ अंगाखाली गेलं, म्हणून बिभीषणदादानं तिला ठेवलं नाही. मी ते खरं मानलं. न मानायला काही कारणच नव्हतं. बिभीषणभाऊजी अजूनही लहान मूल दिसलं की तोंड फिरवतात. शिवमला त्यांनी आजवर हातात घेतलेलं नाही. दारू पोटात गेली की तुमचं नाव घेऊन जे बोलतात ते मी इथं लिहिणार नाही.

पण तुमची ती ओळ वाचल्यापासून मी आत्याबाईंकडे निराळ्या नजरेनं बघायला लागले आहे. शिवमला बांधायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बांधून निजवलं की भाजी निवडता निवडता उठतात, त्याच्या नाकापाशी तळवा धरतात, परत येऊन बसतात. पुन्हा उठतात. मी एकदा हसत म्हटलं, "आत्याबाई, एवढी धास्ती वाटते तर मोकळा ठेवू या की." तर माझ्यावर अशा खेकसल्या, की शेजारची बाई दारात आली.

एका दुपारी त्या दळण आणायला गेल्या होत्या, तेव्हा मी तुमची बॅग घालून बघितली. शिवमला सवय नाही. हात उडवून स्वतःच दचकला, रडून लालबुंद झाला. तेवढ्यात त्या आल्या. चेन उघडली, त्याला बाहेर काढलं, बांधलं. तो लगेच निजला आणि मीच चुकले असं मला वाटलं. आदिनाथला सांगितलं तर म्हणतो, "आईनं आम्हा दोघांना तसंच वाढवलं. तू मोबाइलवर वाचून आम्हाला शिकवू नको."

माझी रजा संपत आली आहे. फेब्रुवारीच्या शेवटी कंपनीत जायचं. दिवसभर तो त्यांच्याकडेच राहणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटासाठी ठेवलं. आज सकाळी तेल लावताना मोकळा होता, तेव्हा खुळखुळ्याकडे बघत कुशीवर वळला. मी कौतुकानं आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि त्या दुपट्याची घडी उलगडायला लागल्या.

तुम्हाला काय माहीत आहे, ताई? मोकळेपणानं लिहा.

ज्ञानेश्वरी


दौलताबाद
१८ फेब्रुवारी २०२६

ती. योगिनीताई,

पत्त्यावरून कळलंच असेल, मी माहेरी आले आहे. शिवम बरा आहे. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते आता कळतं. तुम्हालाच काही माहीत नव्हतं. तुम्हाला फक्त संशय होता.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी शिवमला बांधून पुढच्या खोलीत गोधडीवर निजवलं आणि स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. खाली आले तर घर फार शांत वाटलं. खोलीत पाऊल टाकलं आणि आधी मला त्याचा चेहराच सापडेना. तो पालथा पडला होता. तोंड गोधडीत रुतलेलं, हात दुपट्यात बांधलेले. मान उचलायला, तोंड बाजूला करायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

मी उचलला. ओठ काळेनिळे. गाठ सुटेना, दातानं तोडली. पाठ चोळली, नाव घेऊन ओरडले. काही झालं नाही. मग उचकी आल्यासारखा आवाज आला आणि तो रडला.

आत्याबाई दारात उभ्या होत्या, हातात मेथीची जुडी तशीच. त्या धावल्या नाहीत. काय झालं असंही त्यांनी विचारलं नाही. त्या फक्त म्हणाल्या,

"परत?"

ताई, मी शिवमला छातीशी धरलं. म्हटलं, "परत म्हणजे काय, आत्याबाई?"

त्या खालीच बसल्या. सांडलेली मेथीची पानं गोळा करायला लागल्या. मग सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

"योगिनीला ताप व्हता. पाजून निजली व्हती. म्या लेकरू उचललं, बांधलं, तिच्याच शेजारी ठिवलं न् पाण्याला गेले. आले तं पालथं. हलवलं तं गार. म्या गाठ सोडली, त्याला मोकळं केलं, तिच्या कुशीत सरकवलं. मंग वरडले."

"आणि दुपटं?"

"धुतलं."

"त्या एवढ्या रडल्या असतील, तुमच्या पाया पडल्या असतील. तुम्ही गप्प बसलात?"

"बिभीषणनं मला जित्ती सोडली नसती. ती तरणी व्हती. तिला दुसरं घर मिळालं असतं, दुसरं लेकरू झालं असतं. मला या वयात कोण व्हतं?"

मी विचारलं, एवढं होऊन शिवमला कशाला बांधत होतात? यावर जे म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही. "न्हाई बांधलं तं लोकं इचारतील, हिनं बांधायचं का सोडलं. बांधत ऱ्हायले तं मलाबी वाटायचं, त्या टायमाला गाठीनं न्हाई झालं."

नंतर माझे पाय धरले. बिभीषणला कळलं तर मी या घरात दिवा लागेस्तोवर जिवंत राहणार नाही, म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसानं पाय धरले की अंगावर काटा येतो. मी पाय सोडवून घेतले आणि शिवमला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं, एक दिवस ठेवून घेतलं. सगळं ठीक आहे म्हणाले. मूल वळायला लागलं की बांधणं बंद म्हणजे बंद, हेही सांगितलं.

आदिनाथ दवाखान्यात आला. त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, रडलासुद्धा. मला वाटलं, आता हा माझ्या बाजूनं आहे. मग डोळे पुसून म्हणाला, "झालं ते झालं. वहिनीला आता सांगून तिचं बाळ येणारंय का? तिनं तिचं आयुष्य लावून घेतलंय. इथं मात्र आई आणि दादा, दोन माणसं मरतील. तू गप्प राहा." मी तिथूनच बाबांना फोन केला आणि दौलताबादला आले.

इथं शिवम तुमच्या बॅगमध्ये निजतो. पहिले काही दिवस वाईट गेले. पुन्हा पुन्हा उठायचा, रडायचा, हात तोंडावर मारून घ्यायचा. आता हळूहळू रुळतोय. मी नोकरीवर आणखी रजा मागितली आहे. देतील की नाही माहीत नाही.

मी गप्प राहणार होते, ताई. काही दिवस राहिलेही. तुम्हाला लिहायला बसायचे आणि दिवा लागेस्तोवरचं ते बोलणं आठवायचं. पण परवा बिभीषणभाऊजी इथं आले. कुणी पाठवलं नव्हतं. सुनेनं घर सोडलं एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. बाबांनी चहा ठेवला. भाऊजी शिवमकडे न बघता मला म्हणाले, "लेकरू जप. आमच्या घरात एका बाईनं झोपेत लेकरू मारलं."

ते माझ्याच्यानं ऐकवलं नाही. मी सगळं सांगितलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "कोणतं दुपटं?" मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. मग उठले आणि गाडी काढून गेले. संध्याकाळी आदिनाथचा फोन आला. भाऊजी घरात शिरले, आईसमोर उभे राहिले आणि एवढंच विचारलं, "व्हय का?" आत्याबाई म्हणाल्या, "व्हय." त्यांनी अंगाला हात लावला नाही. त्या दिवसापासून आत्याबाईंनी आतून कडी लावून घेतली आहे. ताट दाराशी ठेवलं तर घेतात, म्हणजे आहेत. भाऊजी ओट्यावर बसून असतात, दारूसुद्धा नाही. "तू घर मोडलंस," आदिनाथ मला म्हणाला आणि फोन ठेवला.

आज सकाळी त्याचा परत फोन आला. भाऊजी म्हणतायत, योगिनीकडं जायचंय. कशाला जायचं, ते सांगत नाहीत. आदिनाथनं गाडीची किल्ली काढून घेतली आहे, पण एसटीत बसणाऱ्याला कोण अडवणार? तुमचा पत्ता मी दिलेला नाही. तरी तुम्ही वसतिगृहात असता हे त्यांना ऐकून माहीत आहे, आणि अंबाजोगाईत मुलींची वसतिगृहं असून असून किती असणार!

तुमचा फोन नंबर ना माझ्याकडे, ना भाभींकडे, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता इलियासभाईंना इथं बोलावून त्यांच्या हाती देते आहे. त्यांचा टेम्पो दुपारी निघतोय. भाऊजी पाया पडायला येतील की आणखी कशासाठी, मला खरंच सांगता येत नाही. इतकी वर्षं त्यांनी जो राग तुमच्यावर धरला, तो आता कुठं ठेवायचा हे त्यांनाही कळलेलं नाही. वसतिगृहात कुणाला तरी सांगून ठेवा. एकटीनं भेटू नका. दार उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणाचं काही देणं लागत नाही तुम्ही.

आणि ते येण्याआधी हे माझ्याकडून ऐका. तुम्ही झोपेत काही केलं नाही. तुम्हाला ताप होता आणि तुम्ही झोपला होतात, एवढंच.

तुमची धाकटी जाऊ,
ज्ञानेश्वरी