पोहण्याच्या हौदाचा पंप किती तास चालवावा, याबाबत

प्रति,
मा. शाखा अभियंता साहेब,
वीज कार्यालय, देऊळगाव राजा,
जि. बुलढाणा.

अर्जदार: रंगराव पंजाबराव म्हस्के, राहणार मौजे चिंचटाकळी, जि. बुलढाणा.

विषय: घरगुती पोहण्याच्या हौदाचा पंप दररोज किती तास चालवावा, याबाबत आपल्या सहीचा हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ: याच विषयावरील माझा मागील अर्ज. (तो अजून माझ्या कोटाच्या खिशातच असल्याने उत्तरास झालेल्या विलंबाचा दोष आपणाकडे नाही.)

महोदय,

वरील विषयी सविनय सादर करतो की, अर्जदाराने मळ्यातील घराशेजारी पोहण्याचा हौद बांधला आहे. अर्जदारास पोहता येत नाही. तथापि नागपूरच्या व्याह्यांच्या बंगल्यात असा हौद पाहिल्यापासून अर्जदारास जेवण गोड लागेना, म्हणून हे काम घडले. पाणी शेवाळू नये यासाठी ते पंपाने ओढून, वाळूच्या टाकीतून गाळून, पुन्हा हौदातच सोडावे लागते. अडचण अशी की, अर्जदाराकडे मोटर एकच आहे. ती हौदावर बसली की विहिरीवर नसते, आणि विहिरीच्या पाण्यावर माझ्या कुटुंबाने, म्हणजे सौ. अन्नपूर्णाबाईने, स्वतःच्या हाताने लावलेली वांगी आहेत.

हौदाचा नारळ फोडताना अर्जदाराने गावासमक्ष भाषण केले. भाषणाची गरज नव्हती. त्यात "हा पंप आता सरकारी हुकमाशिवाय बंद होणार नाही" असे वाक्य तोंडातून गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रस्तुत अर्जाचे मूळ तेथेच आहे.

पंपासोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेचा अर्थ गावच्या शाळेतील निवृत्ती मास्तरांकडून लावून घेतला. हौदातील सर्व पाणी दिवसातून एकदा गाळून निघाले पाहिजे व आमच्या मोटरीस त्याला आठ तास लागतात, असे निघाले. गावात वीजही साधारण तेवढाच वेळ असते. सबब वांग्यांच्या वाट्यास काहीच आले नाही. मग अर्जदाराने पंप सहा तासांवर आणला, तर पाणी हिरवे झाले. चार तासांवर आणला, तर बेडूक आले. या हौदात आजवर मनसोक्त पोहलेले तेवढेच. घाबरून पंप पुन्हा आठ तासांवर नेला.

चैत्रात वांग्यांनी माना टाकल्या. कुटुंबाने भांडण केले नाही, ही बाब अधिक गंभीर आहे. तिने लुगडी गाठोड्यात बांधली आणि जाताना इतकेच म्हणाली, "तुमचा हौद पानी पेते अन् पानीच ओकते. मी माहेरी चालली. ज्या दिवशी पानी वांग्याकडे जाईन, त्या दिवशी सांगा." ती सध्या धाड या गावी भावाकडे आहे. घर खायला उठते, हे सरकारी कागदात लिहू नये, पण लिहितो.

त्यानंतर व्याही हौद पाहण्यास आले. अर्जदार नवी चड्डी घालून, डोळे मिटून, देवाचे नाव घेत शिडीने उलटा उतरू लागला. शिडी संपली तरी पाणी लागेना. डोळे उघडले तेव्हा अर्जदार कोरड्या फरशीवर उभा होता. चौकशीअंती आमचा सालदार इंद्रभान म्हणाला, "मालक, पंप हौदातलं पानी हौदातच टाकून राह्यला होता. मले वाटलं नळी चुकून बसली. म्या ते वांग्याच्या दांडात सोडली." पंपाचे पाणी पिकाकडे न जाता जागच्या जागी फिरते, असे त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. त्यास बोल लावता येत नाही. व्याह्यांनी काठावरून सांगितले की, शेवाळाला कंटाळून त्यांनी आपला हौद गेल्या वर्षीच बुजवून टाकला. अर्जदार बराच वेळ खालीच उभा राहिला.

आता हौदाची हौस फिटली आहे. परंतु ते भाषण गावास तोंडपाठ असल्याने अर्जदारास स्वतःहून माघार घेता येत नाही. लोक पारावरून विचारतात, "काऊन रंगराव, हुकूम आला का?" म्हणून हौद पुन्हा भरण्याची तयारी करावी लागत आहे, आणि भरला तर वांगी जातील व त्यांच्याबरोबर कुटुंबही.

तरी विनंती की, सदर पंप दररोज शून्य तास चालवावा, असा हुकूम आपल्या सहीशिक्क्यानिशी द्यावा. शिक्का ठळक असावा, कारण कागद चावडीवर लावायचा आहे. हुकमात अर्जदारास थोडे रागावले तरी चालेल. अर्जदार वरकरणी नाराजी दाखवील, ती मनावर घेऊ नये.

आपल्या हुकमापुढे मान तुकवण्यास उत्सुक,
(सही)
रंगराव पंजाबराव म्हस्के
दिनांक २२ एप्रिल १९६८

सोबत: मागील अर्ज, खिशातून काढून. पंपाची इंग्रजी पुस्तिका (परत नको).

प्रत माहितीसाठी: सौ. अन्नपूर्णाबाई, मुक्काम धाड. हुकूम यायचा तेव्हा येईल, गाव हसायचे तेवढे हसेल. मोटर आज सकाळीच विहिरीवर बसवली आहे आणि पाणी वांग्याकडे गेले आहे. मात्र वांग्यांसाठी पंप दररोज किती तास चालवावा, हे अर्जदारास ठाऊक नाही. तरी आपण समक्ष येऊन हुकूम करावा, ही विनंती.