स्टूल माळ्यावर टाकलंय

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. वहिनीशी बोलणं होतं, पण ती "बघू" म्हणते, आणि तिच्या "बघू"चा अर्थ आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. सुट्टीतलं सगळ्यांचं जेवण यंदा रविवारी माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आहे. तुमच्या भुंग्याला घेऊन तुम्ही दोघांनी यावं, एवढंच मला हवं आहे. बाकीचे आले काय, न आले काय.

तयारी ऐकून तू हसशील. टेबलाच्या कोपऱ्यांना बाबांनी त्यांच्या प्लंबिंगच्या सामानातला, पाइपवर चढवायचा फोम कापून चिकटवला, गॅलरीच्या दाराला उंचावर कडी बसवून दिली. औषधं, सुया, कात्र्या सगळं वरच्या कप्प्यात गेलं. मुलांची पंगत आधी, कमी तिखट, आणि सांडलं तर कुणी ओरडायचं नाही. आतली खोली रिकामी केली आहे. ज्याला गोंगाट नको त्यानं तिथे गादीवर लोळावं, का म्हणून विचारायचं नाही. दारावर मी कागदच लावला आहे: मार्क विचारू नयेत, रंगावरून, वजनावरून बोलू नये, गाणी-कविता म्हणायला लावू नये. काकू तो वाचून म्हणाली, "अगं पदवीधर, मग मुलांशी बोलायचं तरी काय, हवापाणी?" मी म्हटलं, हो, हवापाणी बोला. "चार बुकं काय शिकली, घराचं ऑफिस करून टाकलं," असं पुटपुटत ती गेली.

ताटं आणायला आईकडे गेले तेव्हा ते स्टूल माळ्यावर टाकून आले. जेवणं झाली की एकेका मुलानं त्यावर चढून काहीतरी म्हणायचं आणि मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे आपल्या घरात किती वर्षं चाललं! तुला अडलेल्या कवितेसाठी बाबांनी तासभर त्यावर उभं ठेवलं होतं, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच गेल्या वर्षी भुंग्याला त्यावर पाहून तू बाबांना म्हणालास, "माझं बालपण पुरलं नाही का तुम्हाला?" त्यानंतर तू उंबरा ओलांडला नाहीस.

आता बाबांचं ऐक. दोन-दोन दिवसांनी विचारतात, "येतोय का तो?" काल मात्र म्हणाले, रविवारी एका इमारतीची टाकी गळतेय, सगळा दिवस तिथेच जाईल. मी त्या इमारतीच्या वॉचमनला विचारलं. टाकी ठणठणीत आहे. आपण नसलो तर तू येशील, असा त्यांचा हिशेब आहे. आई म्हणाली, "राहू दे, तू मध्ये पडू नकोस." पण मध्ये तर मी वर्षभर आहेच.

गेल्या वर्षी तू बर्फ आणायला खाली गेला होतास, तेव्हा भुंग्याला स्टुलावर बाबांनी चढवलं नाही, दादा. मी चढवलं. बालमानसशास्त्राचा एक पेपर दिला होता मी, एक! त्याचं अडखळणं चारचौघांत बोललं की जाईल, असं मी ठरवून टाकलं. दोन दिवस तुमच्या नकळत त्याच्याकडून चार ओळी घोटून घेतल्या. तो "नको आत्या" म्हणाला होता. पहिल्याच अक्षराला अडला, मुलं हसायला लागली, त्याची चड्डी ओली झाली, तरी मी "पूर्ण कर, पूर्ण कर" म्हणत राहिले. बाबा उठले ते त्याला खाली घ्यायला. तू दारात आलास तेव्हा तुला त्याच्या दंडावर फक्त त्यांचा हात दिसला. मी तोंड उघडलं नाही. नंतर बाबा मला स्वयंपाकघरात म्हणाले, "त्याचा माझ्यावरचा राग जुनाच आहे, त्यात एवढं खपून जाईल. तू कशाला वाईट होतेस?" आणि मी ते खपवून घेतलं. सात वर्षांच्या पोरानंही माझं नाव सांगितलं नाही. हे पत्र वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तर रविवारी मी शेजारी जाऊन बसेन, किल्ली वहिनीकडे देईन. पण बाबांना त्या टाकीवर जाऊ देऊ नकोस, तूच त्यांना फोन कर. आणि भुंग्याला आजच सांग, की चूक आत्याची होती, त्याच्या जिभेची नव्हती.

तू ठेवशील तशी, तुझीच,
खडू