कलम सातवे

१ ऑगस्ट १९४८, रविवार. हॉस्टेल, मुंबई.
विद्यापीठात हजारो विद्यार्थी आहेत. पण आम्हां कर्जत-खालापूरकरांना एकत्र बांधणारी संस्था नाही. मी ती स्थापन करणार. काल कँटीनमध्ये एका सातारकराला खालापूर कोठे आहे हे पस्तीस मिनिटे सांगितले. त्याचा चहा निवला. शेवटी तो उठून गेला. त्याला पटले असावे.

८ ऑगस्ट.
मंडळ स्थापन. सभासद एकोणीस. अध्यक्ष कोण, हा प्रश्न वस्तुतः उद्भवू नये. तथापि हेमचंद्रचे नाव कोणीतरी घेतले. हा गिरगावात वाढलेला, टेबलटेनिस खेळणारा, सर्वांना चहा पाजणारा इसम. मे महिन्यात आमच्या मुलखात आंबे खाण्यास येतो, एवढाच काय तो संबंध. नेरळचा पोपट, माझा रूममेट, म्हणाला, "पोरांना आवडतो रं तो. बोलतो थोडकं." हा गुण कसा, ते समजले नाही.

१५ ऑगस्ट. सायंकाळी.
घटना पूर्ण. कलमे एकवीस. कलम सातवे: अध्यक्षाचा जन्म कर्जत वा खालापूर तालुक्याच्या हद्दीतच झालेला असावा. (हेमचंद्र आपोआप बाद. वैयक्तिक काही नाही, तत्त्व आहे.) कलम आठवे: जन्मस्थळाचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे माता, सबब मातेचे पत्र, सही अथवा अंगठ्यासह, आवश्यक. कलम एकविसावे: तीन वर्षे दुरुस्ती नाही.

२२ ऑगस्ट.
मीटिंग. प्रत्येक कलमामागील हेतू सोदाहरण स्पष्ट केला. नवव्या कलमापासून सर्वांनी हात वरच ठेवले. घटना एकमताने मंजूर. हेमचंद्रनेही हात वर केला. बिचारा.

५ सप्टेंबर.
अध्यक्षीय भाषण लिहावयास घेतले. दररोज पहाटे दोन पाने.

१९ सप्टेंबर.
भाषणाचे पान पहिले. विषयाचा आवाका मोठा आहे.

१० ऑक्टोबर.
अध्यक्षपदाच्या अर्जांची छाननी मीच केली. हेमचंद्रच्या मातोश्रींचे पत्र: "चि. हेमूचा जन्म चौक येथे, माझ्या वडिलांच्या घरी झाला." चौक खालापुरात येते. अनपेक्षित, पण हरकत नाही. लढत झाली म्हणजे विजयाला शोभा येते. माझ्या आईचे पत्र दिवाळीच्या सुटीत घरी जाऊन आणीन. औपचारिकताच आहे.

२४ ऑक्टोबर. घरी, लोधिवली, तालुका खालापूर.
आईला पत्राचा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, "लोदिवली कशाला लिवलंस? तू पेनला झालास."
मी विचारले, पेणला का? ती हसू लागली. "पयल्या बाळंतपनाला बाई मायेरी नाय जायाची तर कुठं जायाची रं? सवा महिन्याचा हुतास तवा आणला हितं."
मी तिला अध्यक्षपदाचे महत्त्व तीन भागांत विशद केले.
"तीन भागांत सांग नाय तर तेरा. मी पेनात बाळंत झाली ती झाली. बोल, आंगठा कुठं मारू?"
आईचा स्वभाव सत्याग्रही आहे.

२५ ऑक्टोबर.
पोपटला गाठण्यासाठी नेरळला गेलो. पेणची हकीकत सांगून म्हटले, निम्म्या सभासदांचा जन्म आजोळी झालेला असणार, तेव्हा कलमाचा व्यापक अर्थ घ्यावा. पोपट म्हणाला, "माझा तर कल्याणला. पन मालोजी, घटना तुझीच हाय. आमी नुसता हात वर केला." दुरुस्ती? कलम एकविसावे आडवे आले. मसुदा निर्दोष असल्याचा हा पुरावाच म्हणावयाचा.

३१ ऑक्टोबर.
शांतपणे विचार करून अर्ज मागे घेतला. अध्यक्ष येतात आणि जातात. घटनाकार एकच असतो. मंडळाचे पहिले संमेलन ठरल्याप्रमाणे लोधिवलीस, आमच्याच अंगणात होईल. सतरंज्या मी घालीन.

७ नोव्हेंबर, रविवार.
संमेलन झाले. हेमचंद्र अध्यक्ष. भाषण चार मिनिटे. टाळ्या पुष्कळ. मला दोन शब्द बोलावयास सांगतील म्हणून भाषणाचे पान खिशात ठेवले होते. सांगितले नाही.
आभार पोपटने मानले. शेवटी म्हणाला, "आनि आपल्या मुलखाबाहेरचे असूनही ज्यांनी सकाळपासून सतरंज्या घातल्या, त्या पेणच्या पाहुण्यांचे आभार!"
माहेरचे नाव ऐकून सर्वांत मोठ्याने टाळ्या आईने वाजवल्या.