एकही पुस्तक हरवलं नाही

गुरुवार, संध्याकाळ

आज हिंमत करून मुख्याध्यापकांकडे आठवड्यातून एक वाचनाचा तास मागितला. ते हसले. "बाई, टाइमटेबलात जागा कुठी आहे? अन् तुमची लायब्ररी तर एकदम बेस्ट आहे. पाच वर्षांत एकही पुस्तक हरवलं नाई."

याच गोष्टीवर ऑफिसात माझी वट आहे, असं मी समजत होते. हरवू नये म्हणून तर कपाटाला कायम कुलूप. मुलं वाचतात, हे त्यांना कशावरून दाखवणार होते मी? पुस्तकं दिल्या-घेतल्याचं रजिस्टर जवळजवळ कोरंच आहे.

बाहेर आले, तर सातवीतल्या जमुनाचे वडील तिचा दाखला न्यायला आलेले. ती आता शाळेत येणार नाही. मागच्या वर्षी पक्ष्यांचं पुस्तक मागत होती. "बाई, मोहफुलं वेचाले जंगलात जातो तिथी वाचीन, वापस आणून देईन." मी म्हटलं, "जंगलात हरवशील. मोहाचा हंगाम संपला की ने." नंतर तिनं मागितलं नाही. मी तरी का विचारलं नाही?

शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. पुस्तक जागेवरच होतं. एकही हरवलं नाही. उघडायला गेले, तर नवी पानं एकमेकांपासून सुटेनात.